एकाचा फरक

दुभाषी घरात एकच वस्तू दोन नावांनी वावरते, हे आपल्याला नवे नाही. गणितातही असे घडले आहे.

१९७८ साली जॉन मॅके यांच्या नजरेला दोन आकडे पडले. ‘जे-फलन’ एकोणिसाव्या शतकापासून परिचयाचे. त्याच्या विस्तारातील एक सहगुणक १,९६,८८४. दुसरीकडे ‘मॉन्स्टर’ हा सममितींचा अवाढव्य गट, तेव्हा केवळ तर्काने हाती आलेला. त्याला वावरायला किमान १,९६,८८३ मिती लागतात. फरक अवघा एकाचा!

१९७९ मध्ये कॉनवे आणि नॉर्टन यांनी असे आणखी मेळ दाखवले आणि या प्रकाराला ‘मूनशाइन’ म्हटले. इंग्रजीत त्याचा अर्थ चांदणे, तसाच वेडगळ कल्पनाही.

दुभाष्या मिळाला तो भौतिकशास्त्राकडून. तंतुसिद्धान्तातील ‘व्हर्टेक्स ऑपरेटर’ घेऊन फ्रेंकेल, लेपोव्स्की व मर्मन यांनी १९८४ मध्ये मॉन्स्टरसाठी अनंत मितींची एक रचना उभारली. १९८६ मध्ये रिचर्ड बोर्चर्ड्स यांनी ‘व्हर्टेक्स अल्जिब्रा’ची व्याख्या केली. नेहमीच्या बीजगणितात दोन घटकांचा गुणाकार एकच. इथे प्रत्येक पूर्णांकासाठी एक वेगळा. याच साधनाने त्यांनी १९९२ मध्ये कॉनवे-नॉर्टन यांचे अनुमान सिद्ध केले. १९९८ साली त्यांना फील्ड्स पदक मिळाले.

आणि तो उरलेला एक? त्या रचनेच्या एका पायरीवर १,९६,८८४ मिती आहेत. मॉन्स्टर त्या साऱ्या फिरवतो, पण एक दिशा जागची हलत नाही. योगायोग म्हणून सोडून दिले असते, तर ती कुणाला दिसलीच नसती.