व्हॉल्व्ह कीं ट्रान्झिस्टर?

कीर्तनकाराचा शब्द पटांगणांतील शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोंचावा, ही गरज जुनी; ती भागविणारें यंत्र मात्र विसाव्या शतकाचें. १९०६ मध्यें ली डी फॉरेस्ट यांनीं निर्वात नळींत तारेची जाळी बसविली. क्षीण विद्युल्लहरीस बळ देण्याचें तिचें सामर्थ्य १९१२ च्या सुमारास नीट ध्यानांत आलें, आणि व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक जन्मास आला.

परंतु हा पाहुणा मोठा खर्चिक. त्याची तार तापवावी लागे आणि शिवाय पट्टीस बहुधा शेंदोनशें व्होल्टांचा दाब द्यावा लागे. मुंबईकरांस भिंतींतील वीज पुरे. गंगाखेड-पाथरीकडील खेड्यांत ती कोठून आणावी? तेथें बॅटऱ्यांचेंच ओझें वाहणें आलें, आणि संचायक उतरला कीं तो भरून आणीपर्यंत यंत्र मुकें.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं, शॉकली यांच्या गटांत काम करीत असतां, ट्रान्झिस्टर सिद्ध केला. परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या अमलाखालीं होता. तो अंमल १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपला. ट्रान्झिस्टरास तार तापविणें नको, थोडक्या व्होल्टांवर त्याचें भागतें. मग व्हॉल्व्ह लागलीच कां गेला नाहीं? आरंभींचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, आणि जर्मेनियमला उष्णता सोसत नाहीं. तापतांच गळतीचा प्रवाह वाढतो, त्यानें ताप आणखी वाढतो, आणि अखेर वस्तु जळते. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या परभणीच्या वैशाखांत याचा अर्थ सांगावयास नको! १९५४ मध्यें टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनें सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर विक्रीस आणला. तो स्वस्त झाल्यावर हा अडसर दूर झाला.

राहिला नादाचा प्रश्न. भार अति झाला कीं व्हॉल्व्ह स्वरलहरीचीं शिखरें हळूहळू चपटीं करतो. ट्रान्झिस्टर तीं एकदम छाटतो. पहिल्यानें स्वर भरदार वाटतो, दुसऱ्यानें कर्कश. म्हणूनच गिटारवादक अजूनहि व्हॉल्व्हच्या जड पेट्या वाहून नेतात. त्यांना ती विकृति अलंकारासारखी प्रिय. कीर्तनाचें तसें नाहीं. तेथें शब्द स्वच्छ हवा, आणि भार न वाढविल्यास ट्रान्झिस्टर तो स्वच्छच देतो. भजनी मंडळींनीं हट्टानें व्हॉल्व्ह जपला असता, तर तो उगाच षोक ठरला असता. मोटारीच्या १२ व्होल्टांच्या बॅटरीवर, दाब चढविणाऱ्या निराळ्या पेटीवांचून, ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक सुरू होतो. व्हॉल्व्हला ती पेटी लागेच.