घरात बांधलेले विमान आणि कागदाची साक्ष

विमान ही वस्तू मराठी माणसाने डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी कानांनी ऐकली होती. रामकथेतील पुष्पक, तुकोबांचे वैकुंठगमन, पुराणिकांच्या तोंडची देवादिकांची याने यांनी आपल्या आजी-आजोबांची मने भरलेली होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीने ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठी वेष धारण केला, तेव्हा या जुन्या कल्पनेला यंत्राचे अंग लाभले. परंतु ऐकलेली वस्तू आपल्या हातांनी, आपल्या घरी आणि पूर्ण आकारात घडवून पाहावी, ही इच्छा वेगळीच असते. ती कथेवर थांबत नाही. तिला लाकूड, कापड, पत्रा, मोकळी जागा आणि शेजाऱ्यांची सहनशीलता लागते. या इच्छेने झपाटलेल्या काही मराठी माणसांचा हा विचार आहे. आणि त्याबरोबरच अशा माणसांविषयी आपण काय खरे मानावे व कशाच्या आधारे मानावे, याचाही.

पहिले नाव शिवकर बापूजी तळपदे यांचे. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजात १८६४ साली जन्मलेले, चिराबाजार भागात राहणारे, सर जे. जे. कलाशाळेशी संबंध आलेले हे गृहस्थ संस्कृतचे व्यासंगी होते. आर्यसमाजाच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि स्वामी दयानंदांच्या वेदविषयक लेखनातून प्राचीन विमानविद्येचा विषय त्यांच्या मनात रुजला. ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ हे त्यांचे पुस्तक १९०७ साली निघाले. इथपर्यंत कोणाला शंका घेण्याचे कारण नाही.

पुढची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी गणेशोत्सवातील एखाद्या व्याख्यानात ऐकली असेल. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि महाराज सयाजीराव गायकवाड तेथे उपस्थित होते, यंत्र पंधराशे फूट उंच गेले व खाली आले, ‘केसरी’ने ते वृत्त छापले, आणि पुढे इंग्रज सरकारने सारे दडपून टाकले. ऐकताना छाती फुगते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, आणि तेही आपल्या माणसाने!

ज्याची हयात सरकारी नस्त्या चाळण्यात गेली, त्याला मात्र एक सवय जडलेली असते. कोणतेही विधान समोर आले की तो प्रथम विचारतो, कागद कुठे आहे? आमच्या कार्यालयात एखादी गोष्ट सापडली नाही म्हणून ती घडलीच नाही असे कोणी लिहीत नसे. ‘अभिलेख में उपलब्ध नहीं’ एवढेच टिपण होत असे. ही भाषा रूक्ष असली तरी प्रामाणिक आहे. चौपाटीच्या कथेला हीच कसोटी लावून पाहू.

‘केसरी’चा हवाला देणारे बहुतेक लेख अंकाची तारीख व पृष्ठ देत नाहीत, एका लेखाने दुसऱ्याचा आधार घेतलेला असतो, दुसऱ्याने तिसऱ्याचा. रानडे त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यांच्या हालचालींवर मित्र आणि विरोधक या दोघांचेही लक्ष असे. बडोद्याचा दरबार तर नोंदी ठेवण्यात वाकबगार. शिवाय चौपाटी म्हणजे काही निर्जन माळ नव्हे. हजारो लोकांच्या देखत पंधराशे फूट उंच गेलेल्या यंत्राविषयी मुंबईच्या इंग्रजी, मराठी आणि गुजराती पत्रांनी मौन पाळावे, हे संभवत नाही. सांगणाऱ्यागणिक तपशीलही बदलतो: कोणी यंत्रात माणूस होता म्हणतो, कोणी नव्हता, कोणी काही मिनिटे सांगतो, कोणी क्षणभर. साक्षीदारांच्या जबान्या अशा फिरू लागल्या की साधा तहसीलदारही सावध होतो.

इंधनाची गोष्ट आणखी नाजूक आहे. पाऱ्याच्या शक्तीने ते यंत्र चालत होते असे सांगतात आणि पुष्टीसाठी अमेरिकेच्या ‘नासा’चा दाखला देतात. पाऱ्याच्या आयनांवर चालणारे इंजिन ‘नासा’ने १९६४ साली अवकाशात खरोखरच चालवून पाहिले. परंतु त्याचा रेटा जेमतेम काही ग्रॅम वजन तोलून धरण्याइतका होता. हवा नसलेल्या अवकाशात तो उपयोगी पडतो. जमिनीवरून यंत्र उचलणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचीही नीट तपासणी झालेली आहे. तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवला, आणि इंग्रजी भाषांतरासह १९७३ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशा चार विमानांची वर्णने व चित्रे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली भाषा, इतिहास आणि उड्डाणशास्त्र अशा तिन्ही अंगांनी त्याची छाननी केली. ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही आणि वर्णिलेली याने उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. हे अभ्यासक परके नव्हते, संस्कृतचा अनादर करणारेही नव्हते. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईस भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तळपदे यांच्या कथेवर बेतलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट झळकला. चित्रपटासाठी विमान बांधले गेले, तेही कल्पनेने. कारण मूळ यंत्राचा विश्वसनीय आराखडाच हाती नाही.

येथे जगातील दुसऱ्या एका घरगुती उद्योगाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. राइट बंधू सायकलींचे दुकानदार. त्यांचे सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन त्यांच्याच दुकानातील कारागिराने घडवले. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे झाले. त्या दिवसाचे शेवटचे ५९ सेकंदांचे. पाच माणसे हजर होती, छायाचित्र घेतले गेले, रोजनिशीत नोंद झाली आणि वडिलांना तार गेली. तारेत ५९ ऐवजी ५७ सेकंद पडले! कागदही चुकतो, परंतु दुसरा कागद असला की पहिल्याची चूक पकडता येते. पुढे शताब्दीच्या दिवशी, १७ डिसेंबर २००३ रोजी, त्याच जागी त्या यंत्राची पूर्ण आकाराची प्रतिकृती उडवण्याचा प्रयत्न झाला. आधीच्या सरावात ती उडाली होती; त्या दिवशी मात्र पावसाने आणि पडलेल्या वाऱ्याने दगा दिला व यंत्र चिखलात रुतले. हजारो लोकांनी ते पाहिले. तरीही राइट बंधूंच्या यशाला बाधा आली नाही, कारण ते यश प्रतिकृतीवर अवलंबून नव्हते. उलट त्या फजितीने मूळ कामगिरी किती अवघड होती हे अधिक स्पष्ट झाले. पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधणे ही इतिहासाची एक प्रकारची परीक्षाच असते, ती अशी.

आता आपल्याकडचे दुसरे उदाहरण. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने १९१३ साली सर्वांना चकित केल्यावर या दोघांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. तेव्हा तो आपणच बनवायचा असे ठरले. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. त्याने खरोखर चित्रण होते की नाही, हा वाद कधी उद्भवला नाही, कारण १९२० साली पुण्यात ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि तिकीट काढून लोकांनी तो पाहिला. यंत्राचे फळ हाच त्याचा पुरावा ठरला.

याच दामले यांनी पुढे फत्तेलाल यांच्यासमवेत ‘प्रभात’साठी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. १९३६ सालच्या त्या चित्रपटाच्या अखेरीस गरुडाच्या आकाराचे विमान तुकोबांना वैकुंठास घेऊन जाते. पुण्याच्या चित्रसंस्थेतील कारागिरांची ती कामगिरी १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही पोहोचली. ते विमान खरोखर उडाले का, असे आजवर कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणच नाही. नाटकाचे, चित्रपटाचे किंवा मेळ्याचे विमान खोटे नसते, कारण ते खरे असल्याचा दावा करीत नाही. भक्ताच्या डोळ्यांत पाणी आणणे एवढेच त्याचे काम, आणि ते त्याने चोख बजावले. खोटेपणा वस्तूत नसतो. तिच्याभोवती आपण रचलेल्या दाव्यात असतो.

तिसरे उदाहरण आपल्याच काळातले आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईच्या कांदिवली भागात, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनी विमान बांधले. आधीचे दोन प्रयत्न सफल झाले नव्हते. २०१६ च्या फेब्रुवारीत विमानाचे भाग सुटे करून क्रेनने खाली उतरवले गेले आणि ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. लोकांनी वाहवा केली, परंतु गच्चीवरचे विमान कायद्याच्या लेखी अजून विमान नव्हते. नागरी उड्डाण महासंचालनालयाकडे नोंदणी होण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत झेपावले. कागदांचा हा प्रवास एखाद्या उत्साही माणसाला छळवादी वाटेल. सरकारी खात्यांचा विलंब समर्थनीय आहे असे मीही म्हणणार नाही. पण शंभर वर्षांनी कोणी विचारले, तर हेच कागद यादव यांच्या बाजूने उभे राहतील. चौपाटीच्या कथेला असा एक कागद मिळाला असता तर!

काही वाचक म्हणतील, एवढी चिकित्सा कशाला? एका मराठी माणसाचे नाव होते आहे, होऊ द्यावे. या युक्तिवादातील जिव्हाळा मला समजतो. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांना पूर्वजांच्या पराक्रमकथांवरच परमुलखात उभे राहावे लागले. पण त्याच घराण्यांनी सनदाही जपल्या, कारण जमिनीचा आणि इनामाचा प्रश्न उद्भवला की आजीच्या कथेने काम भागत नाही, मोहोर लागते, हे ते जाणून होते. जो नियम आपण इनामाला लावला, तोच अभिमानालाही लावावा. आधार नसलेला अभिमान पहिल्याच चौकशीत कोसळतो, आणि कोसळताना खऱ्या माणसालाही खाली घेऊन जातो. तळपदे यांचे आज तसेच झाले आहे. एक बाजू त्यांना जगातला पहिला वैमानिक करते, दुसरी त्यांची थट्टा करते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साधने आणि पैसा यांच्या टंचाईत, संस्कृत ग्रंथ हाती धरून आकाशाचा विचार करणारा, त्यावर पुस्तक लिहिणारा जिज्ञासू मुंबईकर दोघांच्याही नजरेतून निसटतो. तेवढेही थोडे नाही. त्यांच्या पदरात खोटे उड्डाण टाकून आपण त्यांचे खरे कुतूहल हिरावून घेतो.

हा विषय दूरच्या मुंबईचा नाही. आपल्या इंदूरातही पूर्ण आकाराच्या अद्भुत वस्तू हातांनी घडवणारी परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याण या गिरण्यांच्या कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या रात्री ज्या झाँक्या काढल्या, त्यांत फिरणारी चक्रे, उडणारे देव आणि हलणारे राक्षस लोकांनी रस्त्याच्या कडेला रात्रभर जागून पाहिले. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, बाकीच्यांचे भोंगेही थांबले, तरी कामगारांनी वर्गणी आणि मदत गोळा करून झाँक्या चालू ठेवल्या. लाकडी चाकावर पट्टा चढवून गरुडाचे पंख कसे हलवावे, हे ज्यांना ठाऊक होते ते कारागीर एकेक करून जात आहेत. त्यांचे आराखडे बहुधा खडूने फरशीवर काढलेले असत, आणि फरशी दुसऱ्या दिवशी धुतली जाई.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी त्या झाँक्यांची, मेळ्यांची किंवा घरच्या गणपतीपुढील हलत्या देखाव्यांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती काढून पाठीमागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात: वर्ष, जागा आणि बनवणाऱ्याचे नाव. वर्ष नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ हा शब्द जोडावा; तो कमीपणाचा नव्हे, विश्वासाचा शब्द आहे. जो कारागीर अजून बोलू शकतो, त्याच्यापाशी बसून यंत्र कसे चाले हे उतरवून घ्यावे आणि खाली तारीख घालावी. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणीतरी सांगेल की इंदूरच्या कामगारांनी राजवाड्यासमोर खरेखुरे विमान उडवले होते, आणि ऐकणारे एकतर टाळ्या वाजवतील किंवा हसतील. पट्टा आणि चाक यांनी गरुडाला जिवंत करणारा तो माणूस मात्र दोन्हींत हरवलेला असेल.