बोरघाटाचा मक्ता

देवालयाचा जीर्णोद्धार असो वा धर्मशाळेचे बांधकाम असो, विश्वस्तमंडळींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, मक्ता कोणास द्यावा? मक्तेदाराचे नाव मोठे असले म्हणजे आपण निश्चिंत होतो. ही निश्चिंतता किती फसवी असते, हे बोरघाटातील लोहमार्गाच्या इतिहासावरून आम्हांस दिसते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने या घाटाचा मक्ता १८५५ साली विल्यम फेव्हिएल यास दिला. १८५३ साली सुरू झालेला मुंबई-ठाणे लोहमार्ग बांधणाऱ्यांपैकीच तो एक होता. म्हणजे नाव लहान नव्हते. परंतु त्याच्या हाताखाली पोटमक्तेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सर्वांच्या तळाशी मजूर अशी उतरंड होती. मजुरी वेळेवर मिळेना, ठरल्याहून कमी हाती पडू लागली. अखेर १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगल केली, आणि त्याच वर्षी फेव्हिएलने मक्ता सोडला. नवा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तो भार पुढे वाहिला. सरकारने १८६० साली अशा कामांवरील मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा केला खरा. पण काम सोडून जाणाऱ्या मजुरास शिक्षा देण्याची सोयही त्यातच करून ठेवली!

१८६३ साली घाट खुला झाला. पंचवीस बोगद्यांचे ते काम पाहून लोक थक्क झाले. तथापि चारच वर्षांनी, १८६७ साली, घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. दगडकामच सदोष होते. कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिलेली असल्यामुळे खर्चाचा अंतिम भार पडे तो येथील रयतेवर. ज्याचा पैसा, त्याची देखरेख मात्र नव्हती.

मक्त्यातील लबाडी नेहमी दोन ठिकाणी लपते: ज्याला दाद मागता येत नाही अशा मजुराच्या रोजात, आणि चुना वाळल्यावर दिसत नाही अशा भिंतीच्या पोटात. म्हणून विश्वस्तांनी करारपत्रावर सही केली म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नये. दर आठवड्यास हजेरीपट पाहावा, मजुरास त्याचा रोज मिळाला की नाही हे त्यालाच विचारावे, आणि भिंत उघडी आहे तोवरच तिची पारख करून घ्यावी. देवाच्या कामी भक्तांनी दिलेला पैसा ही ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब कळस चढण्यापूर्वीच व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.