यंत्राची मिती

जुना मोडी कागद हाती आला की जाणते गृहस्थ आधी मजकूर वाचीत नाहीत. अक्षराचे वळण, कागदाचा पोत पाहून ते काळ ठरवू लागतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांनाही हीच रीत लागू पडते, असे मी आमच्या गंगापुरात म्हटले की मंडळी हसतात. संगणकाला कसली आली बखर!

पण बखर आहे. विलायतेत १९८२ साली सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ निघाला. त्याच्या ‘प्लस’ अवताराची देशी आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये आपल्याकडे आणली. मूळ स्पेक्ट्रमच्या पेटीवरचे नाव तेच राहिले, पोटातला बोर्ड मात्र बदलत गेला. अशा प्रत्येक बदलाला ‘इश्यू’ म्हणत. पहिल्या इश्यूच्या कळा फिकट करड्या, पुढच्यांच्या बहुधा निळसर. पहिल्याच्या आत, रचनेतली चूक निस्तरण्यासाठी, एक चिप पाय वर करून चिकटवलेली असे. जाणकार तिला ‘मेलेले झुरळ’ म्हणतात!

पेटी न उघडताही यंत्राला विचारता येते. ‘प्रिंट इन २५४’ अशी आज्ञा द्यावी. उत्तर २५५ आले तर इश्यू पहिला वा दुसरा. १९१ आले तर तिसरा वा पुढचा. हा ६४ चा फरक क्षुल्लक नव्हे. काही खेळ ‘एकही कळ दाबलेली नाही’ हे २५५ वरून ओळखीत. तिसऱ्या इश्यूवर तो आकडा येईना आणि खेळ बिघडे. दोष कॅसेटचा नव्हता, खेळणाऱ्या पोराचा तर नव्हताच.

१९८४ च्या सुमारास ‘क्लास’ योजनेतून आपल्या शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ आला. तो सुरू करून लगेच ‘रिपोर्ट’ म्हटले की हक्काचे साल उमटते. १९८१ म्हणजे पहिले बेसिक, १९८२ म्हणजे दुसरे.

तरी एकाच साक्षीवर विसंबू नये. चिपांवर बहुधा चार आकडे असतात. ८३३७ म्हणजे १९८३ चा सदतिसावा आठवडा. सर्वांत उशिराचा आकडा पाहावा, कारण त्याआधी यंत्र जुळणे शक्य नाही. मात्र दुरुस्तीत मागाहून बसवलेली चिप, बाडात कोणी घुसडलेल्या ओळीसारखी, फसवू शकते.

म्हणून दिवाळीच्या झाडलोटीत अशी पेटी निघाली, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी हे आकडे चिठ्ठीवर टिपून तिच्यातच ठेवा. पुढे ती दुरुस्त करू पाहणाऱ्याला तीच चिठ्ठी वाट दाखवील.