गोवर आला आणि गाठ विरली

कंपालाच्या मुलागो टेकडीवर तुम्ही पोचलात तेव्हा १९७० च्या आसपासचा काळ आहे. समोर आठ वर्षांचा मुलगा. बर्किट लिंफोमाच्या गाठीने त्याच्या उजव्या डोळ्याची खोबण सुजली आहे. औषध सुरू व्हायच्या आतच पोराच्या अंगभर गोवर उठतो. आधीच कर्करोग, त्यात हे! तुमच्या पोटात कालवाकालव होते. पण पुरळ मावळत जातो तशी गाठही उतरते. डॉक्टर ब्लूमिंग आणि झीगलर याची नोंद करतात. १९७१ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून येते.

मग द्यावा का असा विषाणू सगळ्याच कर्करुग्णांना? वीस वर्षं मागे, न्यूयॉर्कला या. डॉक्टर चेस्टर साउदम बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना वेस्ट नाइलचा विषाणू टोचताहेत. थोड्यांच्या गाठी काही काळ आक्रसतात, काहींच्या मेंदूला सूज येते. त्या माणसांना ओलांडून मला पुढे जाववत नाही. विषाणूला लगाम घालायची विद्या तेव्हा कुणाकडेच नव्हती.

आता टोकियो विद्यापीठात, २०१५ नंतर. मेंदूतल्या गाठींसाठी डॉक्टर तोमोकी तोदो यांच्या हाती नागिणीच्या कुळातला विषाणू आहे. तापानंतर ओठाच्या कडेला पाणी भरलेले फोड आणतो, तोच. त्याच्या जनुकांत तीन ठिकाणी बदल केले आहेत. एकामुळे निरोगी पेशीचा बचाव त्याला मोडता येत नाही. कर्करोगाच्या पेशीत हा बचाव मुळातच लुळा. दुसऱ्यामुळे विभाजन न होणाऱ्या पेशीत त्याला वाढायला सामग्रीच मिळत नाही, म्हणून मेंदूच्या शांत पेशी वाचतात. तिसरा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो: विषाणू शिरलेली पेशी आता शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपत नाही.

तुमच्या डोळ्यांदेखत सुई कवटीतून थेट गाठीत उतरते. अशा जास्तीत जास्त सहा खेपा. बहुतेकांना ताप चढतो, घाबरू नका. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाची गाठ उरलेले किंवा उलटलेले १९ रुग्ण, त्यांपैकी १६ उपचार सुरू झाल्यापासून वर्षभर जगले. तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवा.

११ जून २०२१ रोजी जपानने या विषाणूला 'डेलिटॅक्ट' नावाने मान्यता दिली: सशर्त, सात वर्षांपुरती.