नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर चिकटपट्टी कशासाठी?

नाकाचा आकार बदलणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजेच ऱ्हायनोप्लास्टीनंतर, साधारण सहाव्या-सातव्या दिवशी नाकावरील कडक साचा काढला जातो. रुग्ण आरशात पाहतो आणि बहुधा हिरमुसतो. शेंडा फुगलेला असतो, नाक पूर्वीपेक्षा रुंद भासते, डोळ्यांखालचे काळेनिळे डाग पुरते गेलेले नसतात. आरशात दिसणारे हे नाक अंतिम नसते, ती केवळ सूज असते. त्याच दिवशी अनेक शल्यविशारद नाकावर कागदी चिकटपट्ट्या लावतात आणि पुढील काही आठवडे रात्री झोपताना त्या घरी लावण्यास सांगतात. औषधाच्या दुकानात 'मायक्रोपोर' या नावाने सहज मिळणारी ही स्वस्त पट्टी नेमके काय साधते, याविषयी मात्र रुग्णांमध्ये बरेच गैरसमज आढळतात.

नाकावर पट्ट्या बसविण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याच्या विधीनंतर ते शुभ्र कापसाने झाकून त्यावर वारंवार तिळाचे तेल शिंपडावे, असे सांगितले आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातड्यापासून नवे नाक करून देण्यात आले होते. काथ पाण्यात कालवून तो कापडाच्या पट्ट्यांना लावला गेला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का करण्यात आला. त्या पट्ट्यांचे काम कातडे जागेवर धरून ठेवण्याचे होते. आजच्या पट्टीचे काम त्याहून निराळे आहे.

सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेत त्वचा खालच्या हाडापासून व कूर्चेपासून सुटी केली जाते. नाक लहान करावयाचे असल्यास सांगाडा कमी केला जातो, पण वरची त्वचा पूर्वीइतकीच राहते. तिने आक्रसून नव्या सांगाड्यावर नीट बसावे, ही अपेक्षा असते. मध्ये पोकळी राहिली तर तेथे रक्त व द्रव साचतो आणि कालांतराने त्या जागी व्रणाच्या कठीण ऊती तयार होतात. शेंड्याच्या लगेच वरच्या भागात हा धोका सर्वाधिक असतो. तेथे उंचवटा राहिला तर बाजूने पाहताना नाक पोपटाच्या चोचीसारखे दिसते. पट्टीचा हलका, सतत दाब ही पोकळी मिटवितो आणि सूज आटोक्यात ठेवतो. आडवे झोपल्यावर चेहऱ्याकडे द्रव अधिक साचतो, सकाळी नाक जास्त सुजलेले दिसते ते त्यामुळेच. रात्रीच्या पट्टीचा आग्रह त्यासाठी असतो.

याचा लाभ सर्वांना सारखाच होतो असे नाही. तुर्कस्तानातील शल्यविशारदांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत पट्टी न लावलेले, दोन आठवडे लावलेले आणि चार आठवडे लावलेले अशा रुग्णांच्या त्वचेची जाडी अल्ट्रासाउंडने मोजण्यात आली. जाड त्वचेच्या रुग्णांत चार आठवडे पट्टी लावल्याचा लाभ विशेषत्वाने दिसून आला. ही बाब आपल्याकडे महत्त्वाची आहे, कारण अनेक भारतीयांच्या नाकाच्या शेंड्याची त्वचा जाड व तेलकट असते. पातळ त्वचेच्या व्यक्तीने मैत्रिणीने तीन महिने लावली म्हणून आपणही लावावी, याला अर्थ नाही.

पट्टी लावण्यापूर्वी चेहरा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा, तेल वा क्रीम राहू देऊ नये. सुमारे अर्धा इंच रुंदीची पहिली पट्टी शेंड्याच्या लगेच वर आडवी बसवितात. त्यावर थोडी चढेल अशी दुसरी, मग तिसरी, असे नाकाच्या मुळाकडे जावे. शेवटी एक पट्टी शेंड्याखालून झोळीप्रमाणे घेऊन दोन्ही बाजूंना चिकटवितात. पट्टी बसली पाहिजे, आवळली जाता कामा नये. सकाळी ती ओढून काढणे ही नेहमीची चूक आहे. कोमट पाण्याने भिजवून, एका बोटाने त्वचेला आधार देत, दोन्ही कडांकडून मध्याकडे हळूहळू सोडवावी.

फार घट्ट पट्टीने शेंड्याचा रक्तपुरवठा बाधित होऊ शकतो. शेंडा पांढुरका, निळसर किंवा थंड जाणवल्यास पट्टी लगेच काढून डॉक्टरांशी संपर्क साधावा. पुरळ, फोड किंवा मुरमे आल्यास काही दिवस खंड घेणे बरे, तेही विचारूनच. ताप, पू किंवा न थांबणारा रक्तस्राव याचा पट्टीशी संबंध नसतो आणि त्यासाठी थांबू नये. वाकडे राहिलेले हाडही पट्टीने सरळ होत नाही. इतके करूनही सूज हटली नाही, तर काही वेळा डॉक्टर शेंड्यावरील भागात स्टेरॉइडचे सौम्य इंजेक्शन देतात. त्याची मात्रा अधिक झाल्यास त्वचा पातळ पडते, त्यामुळे हा निर्णय रुग्णाच्या आग्रहावर सोडला जात नाही.

चष्मा वापरणाऱ्यांची अडचण वेगळीच. साधारण चार ते सहा आठवडे चष्म्याचा भार नाकावर येऊ द्यायचा नसतो. अशा वेळी काही डॉक्टर तीच चिकटपट्टी वापरून चष्मा कपाळाला अडकवून देतात. दिसायला ते विचित्र वाटते, पण हाडांवर खळगे पडण्यापेक्षा परवडते. उशी उंच ठेवणे, नाक न शिंकरणे, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकणे आणि उन्हापासून जपणे ही पथ्ये पट्टीच्या जोडीने पाळावी लागतात. बरीचशी सूज पहिल्या काही महिन्यांत ओसरते. शेंड्याची सूज मात्र वर्षभर, जाड त्वचेत त्याहूनही अधिक काळ रेंगाळते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचारही बहुतेक शल्यविशारद वर्ष उलटल्याखेरीज करीत नाहीत.