वकिलाचे खरे अशील

वकील ज्याचे शुल्क घेतो त्याचाच तो होतो, असा लोकसमज फार जुना आहे. मग कंपन्यांची वकिली करून धनाढ्य झालेला मनुष्य पुढे कंपन्यांनाच कायद्याच्या मर्यादेत आणावयास निघाला, तर त्यास काय म्हणावे? अमेरिकेतील लुई ब्रँडाइस यांच्या चरित्रात हा प्रश्न पदोपदी उभा राहतो.

ब्रँडाइस यांचा जन्म १८५६ साली केंटकीतील लुईव्हिल शहरी झाला. हार्वर्ड येथे कायद्याचे अध्ययन करून १८७९ पासून त्यांनी बोस्टन येथे वकिली केली. कारखानदार व व्यापारी हे त्यांचे अशील. त्यांत विपुल द्रव्य मिळाल्यावर लोकहिताच्या कामी शुल्क घेणे त्यांनी बहुधा सोडले, आणि अशा कामी गेलेल्या वेळेची भरपाई भागीदारांस पदरची करून दिली.

सृष्टिसंपत्तीच्या रक्षणाचा त्यांचा मोठा लढा म्हणजे १९१० चे बॅलिंजर प्रकरण. अलास्कातील सरकारी कोळशाच्या जमिनी एका धनिक मंडळाच्या घशात जात आहेत, अशी तक्रार भूमिखात्यातील लुई ग्लाव्हिस या तरुण अधिकाऱ्याने केली होती. अध्यक्ष टाफ्ट यांनी खात्याचे मंत्री बॅलिंजर यांस निर्दोष ठरविले. ग्लाव्हिसची नोकरी गेली. काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे ब्रँडाइस त्याच्या बाजूने उभे राहिले. अध्यक्षांच्या निर्णयास आधारभूत म्हणून दाखविलेल्या अहवालावर ११ सप्टेंबर १९०९ ही तारीख होती. एवढा विस्तृत अहवाल तितक्या थोड्या दिवसांत सिद्ध होणे अशक्य, हे ब्रँडाइस यांनी ताडले. तो मागाहून लिहून त्यावर आधीची तारीख घातली होती, हे अखेर सरकारास कबूल करावे लागले. समितीच्या बहुमताने बॅलिंजर दोषमुक्त झाले खरे. पण १९११ च्या मार्चात त्यांनी राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी जमिनींवरील ते वादग्रस्त दावेही रद्द झाले.

१९१६ साली अध्यक्ष विल्सन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव सुचविताच वादळ उठले. ते ज्यू आहेत हा द्वेष त्यामागे होताच. पण एक आक्षेप अगदीच निराधार नव्हता. जोडे शिवण्याची यंत्रे भाड्याने देणाऱ्या युनायटेड शू मशिनरी कंपनीचे ते पूर्वी संचालक व वकील होते. दुसऱ्याची यंत्रे वापरू नयेत, अशा तिच्या अटींचे त्यांनी १९०६ साली समर्थन केले, आणि पुढे त्यांवरच हल्ला चढविला. स्पर्धा मारणाऱ्या अशा अटींस १९१४ च्या क्लेटन कायद्याने बंदी घातली. विरोधकांनी याला अशिलाचा द्रोह म्हटले. चार महिन्यांच्या वादानंतर सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी त्यांस मान्यता दिली; ते १९३९ पर्यंत न्यायासनावर होते.

अशिलाचे गुपित वकिलाने आमरण राखावे, यात वाद नाही. परंतु शुल्काबरोबर आपली विवेकबुद्धीही कायमची विकली गेली, असे मानणे म्हणजे वकिलीस दास्यच ठरविणे होय.